हिवरवाडीची पांढर

“काका, ह्या गावात तुमचं घर कुठं व्हतं?”

ईश्वरीनं विचारलं आणि सिताराम साळिंदराचा काटा हातात धरून तसाच उभा राहिला. तोवर त्याची गाडी सुसाट चालली होती. पाचवी-सहावीची बत्तीस पोरं सकाळपासून त्याच्यामागं रानभर पळत होती. त्यानं त्यांना मुंगसाचं बीळ दाखवलं, डुकरांनी उकरलेली जमीन दाखवली, कोल्ह्याची लेंडी काडीनं फोडून आतल्या बोराच्या बिया दाखवल्या. “हितल्या निम्म्या बोरी कोल्ह्यानंच लावल्यात,” तो म्हणाला, “कागदावर नाव तेवढं आमचं.” पोरं खदखदून हसली होती.

सव्वीस वर्षं तो या रानात वनमजूर होता. साहेब लोक आले की बोलायचे साहेब, आणि सितारामच्या हातात पाण्याचा कॅन. पालमजवळच्या शाळेच्या सुकेशनी मॅडमनी आठ दिवसांपूर्वी निरोप धाडला, की रान तुम्हीच दाखवायचं. तेव्हापासून त्यानं बायकोला झाडांची नावं ऐकवून ऐकवून पार भंडावून सोडलं होतं.

हे रान म्हणजे एके काळची हिवरवाडी. सरकारी कागदावर आता बेचिराख गाव. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, माणसं बिऱ्हाडं घेऊन निघाली ती पुन्हा फिरकली नाहीत. मागून वनखात्यानं झाडं लावली. पोरांना त्या गावाचा आणि रानाचा मिळून एक नकाशा काढायचा होता. तो शाळेच्या भिंतीवर कायमचा लागणार होता. मॅडमचा नियम एकच होता: डोळ्यांना खूण दिसली तरच नकाशात काढायचं, सांगोवांगी काही नाही.

मारुती दिसला, काढला. बुजलेली विहीर दिसली, काढली. शाळा समितीचे अध्यक्ष भगवानराव हे हिवरवाडीच्या पाटलाचे नातू. त्यांच्या आजोबांच्या घराचा घडीव दगडांचा चौथरा अजून जागच्या जागी होता. तो तर पोरांनी पावलांनी मोजून काढला. भगवानराव त्यावर उभे राहून सोपा कुठं, माजघर कुठं, बैलं कुठं बांधायची हे अर्धा तास सांगत होते. माणूस बोलायला लागला की घड्याळ बंद पडायचं.

“आमची वस्ती गावाभाईर व्हती,” सिताराम म्हणाला. “हिकडं, वढ्याच्या अंगाला.”

“दाखवा की मंग.”

इथंच घोडं पेंड खात होतं. गाव उठलं तेव्हा सिताराम पाच वर्षांचा. कामाला लागल्यापासून दुपारची भाकरी खाल्ली की तो ओढ्याकाठी फिरायचा, झुडपं सारून पाया शोधायचा, एखादा रचलेला दगड तरी सापडेल म्हणून. एकही सापडला नाही. आठ-नऊ घरं नांदली होती, लग्नं झाली होती, आणि त्याची खूण म्हणून जमिनीवर काडी शिल्लक नव्हती.

“लिहा की पोरांनो,” भगवानराव म्हणाले. “हितं बौद्धवाडा व्हता म्हून लिहा. त्याला काय पुरावा लागतो?”

ईश्वरीनं पेन्सिल उचललीच नाही. “पर दिसंना ना. मॅडमनं सांगितलंय.”

मॅडम ओशाळल्या. “असू दे गं ईश्वरी. काका सांगताहेत ना.”

“न्हाई मॅडम,” सिताराम म्हणाला. “नियम म्हणजे नियम. पाटलाच्या घराला लावला, तर आमच्या घराला बी लावा.”

बोलला खरा, पण लगेच मान वर करून ऊन किती चढलं ते त्यानं बघितलं. दोन वाजता पोरांना न्यायला टेम्पो येणार होता. आज ती जागा सापडली नाही तर भिंतीवरच्या नकाशात मारुती असेल, पाटील असतील, कोल्हासुद्धा असेल. आपली माणसं तेवढी नसतील. येत्या उन्हाळ्यात त्याचं साठावं भरत होतं. मग काम बंद, आणि या रानात येणंही बंद.

विषय बदलावा म्हणून त्यानं पोरांना ओढ्याजवळच्याच आपल्या कडुलिंबांकडं नेलं. त्याची मिरवायची जागा तीच होती. “ही दोनशे लिंबं माझ्या हातची. एका दिवशी लावली. रोपं एकाच जागची, खड्डे एका मापाचे. मोजा आता कोण किती जाड हाय.”

पोरांनी सुतळ्या काढल्या. खोडाला सुतळी गुंडाळायची आणि ती वितीनं मोजायची. साडेतीन वीत. सव्वातीन. साडेतीन. तेवढ्यात पुढून वरदची हाक आली, “काका, ह्याला सुतळी पुरंना.”

साडेपाच वीत. शेजारचं पाच. त्यापलीकडचं सहाला टेकलेलं. पोरं एका झाडावरून दुसऱ्यावर धावत सुटली, आकडे ओरडू लागली, मॅडमची लिहिताना तारांबळ उडाली.

“त्या तुकड्याला मी लय जीव लावला,” सिताराम छाती काढून म्हणाला. “घागरीनं पानी घातलं. साहेबानं पाठ थोपटली व्हती माझी.”

“आन् बाकीच्यांना न्हाई घातलं?” ईश्वरीनं विचारलं.

“घातलं की. सगळ्यांला सारखंच.” एवढं बोलून तो थबकला. सगळ्यांना सारखंच तर घातलं होतं. इतकी वर्षं ही गोष्ट त्यानं शंभरदा सांगितली असेल, पण असा प्रश्न त्याला कुणी केला नव्हता, त्यानं स्वतःलाही नाही.

वरद डुकरांनी उकरलेल्या खड्ड्यातून मूठभर माती घेऊन आला. “ही बघा. तिकडची काळीभोर, ही भुरकट.”

“चुनखडी हाय ती. खड्डे खांदतानाच बघितली व्हती मी.”

भगवानरावांनी ती माती तळहातावर घेतली, बोटांनी चोळली, वास घेतला. शेतकऱ्याचा हात तो. 

“चुनखडी नव्हं, सिताराम,” ते म्हणाले. “पांढर हाय ही. राख हाय, शेण हाय, लिपणाची माती हाय. माणसं नांदल्याबिगर अशी माती व्हत न्हाई.”

आपल्याकडं शेत ते काळीत आणि गाव ते पांढरीत, हे शेंबडं पोरही जाणतं. गावची जुनी पांढर खत म्हणून गाड्या भरभरून वावरात टाकणारी माणसं ही. सितारामनं याच मातीत दोन दिवस टिकाव चालवला होता आणि ती चुनखडी समजून पुढं गेला होता. कारण तो दगड शोधत होता. पाटलाच्या घराला दगड होते, म्हणून त्याला वाटलं घर म्हटलं की दगड असणारच. त्याच्या वस्तीची घरं कुडाची. वर पाचट, खाली शेणानं सारवलेली भुई. दगड आणणार कुठून?

तो मटकन खाली बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही. “सव्वीस वर्षं मी फुशारकी मारायलो,” तो म्हणाला. “आन् ह्या झाडांला पोसायल्यात आमच्या आयांच्या चुली.”

मग पोरांना कुणी आवरावं? जाड लिंबं कुठं संपतात ते शोधायला ती चहूकडं पांगली. सुतळ्यांना सुतळ्या बांधून त्यांनी अख्ख्या तुकड्याला वेढा घातला. उकरलेल्या मातीत हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला, खापरं सापडली, एक निळा मणी सापडला. वरदनं नुसता कोळसा आणला, तोही मॅडमनी मान देऊन कागदात बांधला. ईश्वरी नकाशावर भराभरा काढत होती, आणि सिताराम तिच्या खांद्यावरून एकेक रेघ बघत होता. आनंदानं त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

“आन् तुमचं घर?”

“आई सांगायची, आपलं घर सगळ्यात शेवटी. वढ्याकडं दार.”

ओढ्याच्या बाजूचं शेवटचं जाड लिंब पोरांनीच शोधलं. त्यापुढची झाडं पुन्हा साडेतीन वितींची होती. ईश्वरीनं बुंध्याभोवती काठीनं मातीत चौकोन आखला आणि विचारलं, “एवढं व्हतं?”

“जरा ल्हान कर.”

तिनं लहान केला. वरद सरळ रेघ ओलांडून आत निघाला, तशी ती त्याच्यावर खेकसली, “अय, भिंतीतून काय शिरायलास? दारानं ये की.”

सिताराम ओढ्याच्या बाजूला गेला आणि दार होतं तिथं, रेघेच्या आत उभा राहिला. मग घरी पाहुणे आल्यावर माणूस म्हणतो तसं तो म्हणाला, “या. दार बुटकं हाय आमचं, वाकून या.”

पोरांनी चपला बाहेर काढल्या. एकेक करून, मान खाली घालून, बत्तीसही पोरं आत आली. जागा पुरेना तशी एकमेकांना चिकटून बसली. मागून मॅडम आल्या.

भगवानराव तेवढे बाहेर उरले. उंच माणूस. रेघेपाशी येऊन ते थांबले.

“सिताराम, येऊ का?”

“या की. डोकं संभाळा.”

भगवानरावांनी टोपी काढून हातात घेतली आणि ते वाकले.