माझा एक कोपरा दर्याकाठी आहे

आधीच सांगून टाकते, वास येतोय तो माझाच. मी घोंगडी. काळ्या मेंढरांच्या लोकरीची. धुवा, उन्हात टाका, अत्तर शिंपडा, माझा वास जायचा नाही. ज्याला चालत असेल त्यानं माझ्यावर बसावं, बाकीच्यांसाठी घरात सतरंजी आहे.

माझा जन्म पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा. आटपाडीच्या माळावर ज्योतिबानं आपल्या कळपाची लोकर कातरली. त्याच्या बायकोनं, बयाबाईनं, तिचं सूत काढलं. म्हसवडच्या एका सनगरानं मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ पाजली. त्या खळीनं मी इतकी ताठ झाले होते की पहिले आठ दिवस माझी घडी घालताना बयाबाई मला शिव्या घालायची. तेव्हा मला चारही कोपरे होते.

आमचा मुलूख कोरडा. दिवाळी झाली की ज्योतिबा आणि बयाबाई घोड्यावर संसार लादायची आणि मेंढरं हाकत विटा, कराड, पाटण करत कुंभार्लीचा घाट उतरून कोकणात जायची. तिथले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायचे आणि त्याबद्दल भात द्यायचे. दर्याच्या कडेच्या, दोन टेकड्यांच्या खाचेतल्या एका खेड्यात आमचा मुक्काम ठरलेला असे. वाळूच्या जरा वर एक मोठं उंडीचं झाड होतं. त्याच्या सावलीत मला अंथरायचे.

तिसऱ्या वर्षी त्या सावलीत बयाबाईच्या मांडीवर अडीच महिन्यांची लेक होती. तिचं नाव गावी परतल्यावर, चार माणसं जमवून ठेवायचं होतं. तोवर ती नुसतीच तान्ही. ती तापली. तीन दिवस अंग भाजत राहिलं. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, त्याच पहाटे ती माझ्यावर थंड पडली. मी लोकरीची, ऊब धरून ठेवणं हे माझं एकच काम. ते मला जमलं नाही, आणि ते दुःख माझ्या धाग्याधाग्यात अजून आहे.

ज्योतिबानं लोकरीची कातर काढली आणि माझा एक कोपरा कापला, दीड हाताचा. त्यात तान्हीला गुंडाळलं. बायकांनी मातीला यायचं नाही, म्हणून बयाबाई पालात बसून राहिली. तो एकटाच गेला, झाडाच्या पलीकडे खड्डा केला, वर तीन दगड ठेवले आणि परत आला. त्यानंतर दोघांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. दोन वर्षांनी बिरदेव झाला, त्यालाही नाही. माझा कोपरा कुठे गेला असं कुणी विचारलं की ज्योतिबा म्हणायचा, "उंदरांनी खाल्ला."

मेंढरं कमी होत गेली तसं कोकणात जाणं थांबलं. बिरदेवनं डाळिंब लावलं, मंगलशी लग्न केलं, त्यांना रविराज आणि सोनिया ही दोन मुलं झाली. सात वर्षांपूर्वी बयाबाई अंथरुणाला खिळली, तेव्हा एका सकाळी तिनं नवऱ्याला जवळ बोलावलं. "एकडाव जाऊन या. झाड हाय का, तेवढं बगून या."

मला खांद्यावर टाकून तो एसटीनं गेला. तिथे उंच भिंत होती, लोखंडी गेट होतं आणि गेटवर एक पहारेकरी होता. "खासगी जागा आहे, बाबा," तो म्हणाला आणि त्यानं आम्हाला आत सोडलं नाही. भिंतीच्या वर जिथे झाडाचा शेंडा दिसायला हवा होता, तिथे नुसतं आभाळ होतं. ज्योतिबा दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला माझ्यावर बसून राहिला. घरी येऊन बयाबाईला म्हणाला, "हाय की झाड. हिरवंगार हाय. सावलीत हाय बग ती." बयाबाई हसली. पंधरा दिवसांनी गेली, तेव्हा तिचा चेहरा निवांत होता. तो खोटं बोलला हे मला ठाऊक होतं, पण मी त्याला दोष दिला नाही.

आता यंदाचं ऐका. रविराजची बारावी आणि सोनियाची दहावी एकाच वेळी. पेपर झाले की जहाजाची सहल, असा शब्द बिरदेवनं वर्षभर आधी देऊन ठेवला होता. पोरांना वाटलं, बाप विसरेल. तो विसरला नाही.

"औंदा न्हाई गेलो तर मग कवा?" तो मंगलला म्हणाला. "ह्यो जाईल भरतीला, ती जाईल सांगलीला होस्टेलवर. पोरं पुन्यांदा आपल्या हाताला लागायची न्हाईत."

सगळी ठरवाठरवी अंगणात, माझ्याच अंगावर बसून झाली. चार डोकी आणि मधे एक मोबाईल. दोनच रात्रींची सहल, मुंबईहून गोव्याला. परतीला रेल्वेनं मिरजेला उतरायचं आणि तिथून एसटी. खोली आतल्या बाजूची, बिनखिडकीची, कारण ती परवडणारी.

"खिडकीवाली घ्या ना, पप्पा," रविराज कुरकुरला.

"खिडक्या आपल्या घराला चार हायत. तितं झोपायला निघालाय का हिंडायला?"

"आवं, भाकरी आन् ठेचा न्यायला चालंल का बगा," मंगल म्हणाली.

"आई! बाहेरचं काही चालत नाही. चार वेळचं जेवण त्यातच आहे," सोनियानं कपाळावर हात मारला. "आणि तिथे पदर खोचून ताटं उचलायला जाऊ नकोस."

असं रोज चालायचं. मला ते फार आवडायचं. हल्ली दोन्ही पोरं कानात बोंडं घालून दोन खोल्यांत बसायची, ती त्या निमित्तानं आईबापाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. ज्योतिबा खांबाला टेकून ऐकत असे. एकदा त्यानं विचारलं, "जहाज कुठनं जातंय रं?"

"सगळ्या कोकणाच्या कडेकडेनं, आबा," रविराज म्हणाला. "फॅमिली रूम बघितलीय आपण. अख्ख्या फॅमिलीला एकच."

"फॅमिली म्हंजी आपुन समदीच की," आबा म्हणाला.

चौघं गप्प झाली. कुणी हो म्हणालं नाही आणि कुणी नाहीही म्हणालं नाही. सगळी चूक त्या एका गप्प बसण्यात आहे.

ज्योतिबानं माझ्या कापलेल्या कडेवरून हात फिरवला आणि स्वतःशीच पुटपुटला, "दर्याच्या अंगानं कोण भिंत घालतंय?" कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला. झाड नसलं तरी वाळू दिसेल, दोन टेकड्यांमधली ती खाच दिसेल, आणि त्या खाचेच्या खाली आपली लेक आहे एवढं त्याला पुरणार होतं. आणि मला तर माझाच तुकडा बघायचा होता.

मग म्हातारा तयारीला लागला. नव्या वहाणा आणल्या. म्हसवडला जाऊन सिद्धनाथाच्या पायाशी लावून आणलेला नारळ ठेवला, दर्यात सोडायला. शेजारच्या आकारामला मेंढरं बघायला सांगून आला. पारावर बसून साऱ्या गावाला सांगितलं, "औंदा आमी जहाजानं चाललोय." मंगल रोज नवऱ्याला म्हणायची, "आवं, आबांना सांगा की आता." आणि बिरदेव रोज म्हणायचा, "उद्या सांगतो."

तिकिटं काढायच्या दिवशी सगळ्यांची आधार कार्डं माझ्यावर मांडली होती. ज्योतिबा आतून आपलं कार्ड घेऊन आला. ते त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. वाकून त्यानं ते चार कार्डांच्या शेजारी ठेवलं.

"ह्ये बी लागंल न्हवं?"

सोनिया मोबाईलमध्ये बघायला लागली. मंगल उठून आत गेली. बिरदेवनं चारही कार्डं उगाच सरळ केली. "आबा... खोली चौघांचीच हाय. पाचवा घेतच न्हाईत त्यात. दुसरी घ्यायची म्हंजी..."

"आरं व्हय की!" ज्योतिबा लगेच म्हणाला. "मी आपलं इचारलं. आन् मी आलो तर मेंढरांस्नी कोण बगंल?"

मेंढरं सहा होती आणि त्यांची सोय झालेली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं आपलं कार्ड उचललं, पुन्हा पिशवीत घातलं, पण पिशवीची गाठ काही बसेना. त्या वेळी त्यानं तान्हीबद्दल एक शब्द जरी काढला असता, तरी बिरदेवनं सहल मोडली असती किंवा दुसरी खोली घेतली असती. पोर वाईट नाही. पण चाळीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट अशी चार कार्डांच्या पुढे बसून सांगता येते थोडीच?

निघायच्या दिवशी ज्योतिबानं सोनियाला बाजूला घेतलं. त्याच्या कोकणातल्या गोष्टी लहानपणी तीच ऐकायची, उंडीच्या झाडासकट. "ह्या घोंगडीला ने पोरी. वर मोकळ्यावर न्हेऊन किनाऱ्याकडं घडीभर आंथर. आन् ह्यो नारळ सोड दर्यात."

"घोंगडी? कशाला, आबा?"

"तिचा बघितल्याला मुलूख हाय. बघंल जरा."

"बरं, आबा. नक्की अंथरते."

नारळ बंदरावरच्या तपासणीतच काढून घेतला. मला मात्र आत सोडलं. खोलीत बॅग उघडल्याबरोबर रविराज ओरडला, "अरे, मेंढराचा वास! आई, काहीतरी कर." मंगलनं मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, गाठ मारली आणि पलंगाखाली सरकवलं.

तिथून मी सहल ऐकली. गाणी, धावणारे पाय, जेवणाच्या वेळची गडबड. मंगल हसत होती, खळखळून, इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं तसं. बिरदेव पोरांना हाका मारत होता आणि पोरं चक्क ओ देत होती. त्या हसण्याचा मला राग नाही. सोनिया मधेच चार्जर न्यायला आली तेव्हा तिनं पिशवीला हात लावला. "नंतर," ती म्हणाली आणि पळाली. तिला कुणी मैत्रीण मिळाली होती, नागपूरची का कुठली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, पुन्हा "नंतर" म्हणाली. आणि मग गोवा आला. खाली इंजिनाची थरथर चालू असताना मी माझ्या कोपऱ्याच्या समोरून कधी पुढे गेले, मला कळलंसुद्धा नाही.

घरी आलो तेव्हा ज्योतिबा रस्त्यापर्यंत आला होता. पोरांच्या तोंडावरून हात फिरवून त्यानं आधी मला मागून घेतलं.

"आंथरलं व्हतंस?"

सोनियाचा चेहरा उतरला. तिला तेव्हाच आठवलं. पण म्हातारा इतक्या आशेनं बघत होता की तिच्या तोंडून खरं निघेना. "हो, आबा. अंथरलं होतं."

"किनारा दिसला?"

"दिसला ना! आणि तुमचं ते उंडीचं झाडपण दिसलं. हिरवंगार होतं."

मी त्याच्या हातात होते. त्याची बोटं जागच्या जागी थांबली. सात वर्षांपूर्वी, मरणाऱ्या बायकोच्या उशाशी बसून, हेच शब्द त्यानं उच्चारले होते. ते आता नातीच्या तोंडून त्याच्याकडे परत आले. त्यानं मला खांद्यावर टाकलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"व्हय व्हय," तो म्हणाला. "हिरवंगारच असतंय त्ये."

आत जाऊन त्यानं मला नाकाशी धरलं. माझ्या अंगाला खाऱ्या वाऱ्याचा वास यायला हवा होता. प्लास्टिकचा येत होता. तो रडला, आवाज न करता, आणि मी ते सगळं टिपून घेतलं.

पावसाळ्यापासून ज्योतिबा उठत नाही. मी त्याच्या अंगाखाली असते. सोनिया सांगलीच्या होस्टेलवरून शनिवारी येते आणि रविवारी दुपारच्या एसटीनं जाते. गेल्या रविवारी तिनं मला झटकायला काढलं, आणि माझ्या कापलेल्या कडेवरून तिचं बोट फिरता फिरता थांबलं.

"आबा, उंदरांनी एवढं सरळ खाल्लं?"

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. "उंदीरच त्ये."

ती तशीच उभी राहिली. "आबा, मीपण तुम्हाला एक..." एवढं म्हणाली, तोवर बाहेरून मंगलनं हाक मारली, "एसटी जाईल गं!" आणि ती दप्तर उचलून गेली.

सोनिया, पोरी, मला वाचा असती तर मीच बोलले असते. तू येत्या शनिवारी ये. आधी तुझं खोटं त्याला सांगून टाक, तो रागावणार नाही, त्याला ते पहिल्याच दिवशी कळलंय. मग त्याला पुन्हा विचार, माझा कोपरा कुठे आहे. त्यानं भिंतीकडे तोंड केलं तरी उठू नकोस, त्या दिवशी एसटी चुकली तर चुकू दे. त्या कोपऱ्यात तुझी आत्या आहे. तिला नावसुद्धा नाही, आणि ती होऊन गेली हे माहीत असलेला एकच माणूस आता उरलाय.