नेम धरताना शिव्या

भूतानात तिरंदाजाला शांतता सोसत नाही. तो नेम धरतो तेव्हा समोरचा संघ निशाणाशेजारी नाचतो आणि त्याच्या टकलापासून सासूपर्यंत सगळ्यांचा उद्धार करतो. ल्हेंडुपचा असा उद्धार करायचं काम लहानपणापासून चेंचोचं. वयाने थोरला, म्हणून ल्हेंडुप त्याला अचो म्हणायचा. आशियाई खेळांना निघाला तेव्हा हट्ट धरून त्याने चेंचोलाही मदतनीस म्हणून सोबत नेलं.

तिथलं मैदान मसणासारखं गप्प. ल्हेंडुपचे बाण कडेला जायला लागले. शेवटच्या बाणाआधी तो चेंचो बसला होता तिथे, प्रेक्षकांच्या कठड्याशी आला.

"अचो, बोल की काहीतरी. माझ्या नाकावर बोल, बायकोवर बोल. हा बाण मधे बसला तर पुढची फेरी आहे."

चेंचोच्या जिभेवर नाकाचं एक झणझणीत तयारच होतं. पण शेजारी पथकाचे साहेब बसलेले.

"एक शब्द काढलास तर पुढच्या खेपेला घरी बसशील," साहेब हळूच म्हणाले. "जग बघतंय. आपण अडाणी दिसता कामा नये."

चेंचोला विमान आवडलं होतं, हॉटेलातली गादी तर फारच. त्याने तोंड मिटलं.

ल्हेंडुपने दोरी ताणली आणि वाट बघितली. वेळ संपत आली तरी बघत राहिला. शेवटी बाण सुटला आणि निशाण चुकवून मागच्या जाळीत अडकला.

"पंच आपल्या शिस्तीवर खूश आहेत," साहेब म्हणाले.

चेंचो खाली गेला. ल्हेंडुप धनुष्य पेटीत भरत होता. मान वर न करता तो म्हणाला, "जन्मभर माझी अब्रू काढलीस, अचो. आज मागितलं, तर सभ्य झालास."