मातीखालचे लोक

"बाप्तिस्मा होईतो चूल विझू देऊ नकोस, आणि पाळण्यात पोलादाचं काहीतरी ठेव," असं बेर्तेआईनं मला बजावलं होतं, सिग्नेची नाळ कापून हात धुता धुताच. "नाहीतर मातीखालचे लोक आपलं पोर नेतात आणि त्यांचं ठेवून जातात."

मी हसले होते. नॉर्वेत असताना मी शिक्षिकांच्या विद्यालयात शिकले. असल्या समजुती पोरांच्या डोक्यातून काढायच्या, हेच तर तिथं शिकवायचे. माझा नवरा आईविन म्हणाला, "बेर्तेआई, इथं अमेरिकेत, डाकोटात मातीखाली आपणच राहतो की! भिंती मातीच्या, छप्पर मातीचं. बदलाबदली करायची तर त्यांनी आपल्याला विचारावं."

"हसा, हसा. मास्तरीणबाईंना सगळं ठाऊक," बेर्तेआई म्हणाली. "पाद्री वसंताशिवाय इकडे फिरकत नाही, तेवढं लक्षात असू दे." जाताना तिनं आपली कात्री सिग्नेच्या उशाशी सरकवलीच.

ती आमची सगळ्यात जवळची शेजारीण. जवळची म्हणजे, हवा स्वच्छ असली तर तिच्या घरचा धूर दिसायचा एवढी. मध्ये नुसतं गवत.

थंडीच्या तोंडाशी आईविन पीठ आणायला रेल्वेच्या गावी गेला आणि सिग्नेला ताप भरला. रडून रडून ती गप्प झाली, तिचे ओठ पांढरे पडले. मी चुलीपासून हलत नव्हते. पण इथं झाड नाही, लाकूड नाही. गवत पिळून जुड्या करायच्या आणि त्या जाळायच्या. जुडी आत टाकून वळावं, तोवर तिची राख. दुपारी घरातल्या जुड्या संपल्या. गंजीवरची दोरी गोठलेली होती, ती कापायला पाळण्यातली कात्री मी बरोबर नेली. गंजीपाशी होते तेवढ्यात वाऱ्यानं बर्फ असं उधळलं की घरच दिसेना. गोठ्याच्या भिंतीला हात लावून उभी राहिले, किती वेळ कोण जाणे; जरा उघडल्यावर चाचपडत परतले.

चूल गार. पाळणा रिकामा. दाराशी बर्फात पावलं, आत येणारी आणि बाहेर जाणारी.

घरामागं राखेच्या ढिगाशी बेर्तेआई पाठमोरी उभी होती. ढिगावर दुपट्यात सिग्ने, चेहरा उघडा.

"पुढं येऊ नकोस," बेर्तेआई म्हणाली, आणि इतक्या मायेनं म्हणाली की मी क्षणभर थांबलेही. "तुमचा धूर दिसेना म्हणून आले गं. चूल विझलेली, कात्री नाही. आणि ही तर आपली नाहीच. असू दे जरा इथं. हिची आई हिला न्यायला येईल, तुझी ठेवून जाईल."

"बेर्तेआई, मरेल ती!"

"थांब म्हणते ना! सगळ्या आयांना असंच वाटतं."

मी तिला ढकललं, सिग्नेला उचलून कपड्यांच्या आत, उघड्या छातीशी धरलं. बेर्तेआई बर्फात बसली ती बसलीच.

"मीही अशीच घाई केली होती," ती म्हणाली. "उचलून आत आणलं. मग दुसरीचं पोर वाढवलं मी, चांगली दाढी येईतो. आईकडे बघावं तसं एकदाही बघितलं नाही त्यानं माझ्याकडे. बंदरावर निरोप द्यायला आला, तेव्हासुद्धा नाही."

सिग्ने वाचली. ताप उतरला, ओठांना रंग आला. आईविन परतला, सगळं ऐकून लालबुंद झाला, आणि बेर्तेआईच्या दाराशी जाऊन पुन्हा आमच्याकडे पाऊल टाकायचं नाही असं बजावून आला.

पण तेव्हापासून ही रडत नाही. भूक लागली तरी नुसती माझ्याकडे बघत राहते, घरात आलेल्या परक्या बाईकडे बघावं तशी. डोळे निळे होते, आता करडे दिसतात.

"अगं, सगळ्याच पोरांचे बदलतात," आईविन म्हणतो. "तूच सांगितलं होतंस ना मला?"

हो, मीच. पुस्तकात वाचलं होतं.

संध्याकाळी वारा पडला की राखेच्या ढिगाकडून रडणं ऐकू येतं. बारीक, मातीतून झिरपल्यासारखं. आईविनला येत नाही. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, कोल्हं असेल. पण कोल्ह्याच्या ओरडण्यानं कुणाला पान्हा फुटत नाही. मला फुटतो. पोलकं भिजतं. आणि हिला मांडीवर घेतलं की एक थेंब येत नाही; गायीचं दूध पाजते मी हिला.

हे आईविनला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो मला दुसऱ्या कुणाकडे तरी नेऊन ठेवील, आणि मग माझी सिग्ने परत आली तर तिला ओळखणार कोण?

परवा तो पुन्हा गावी निघतोय. मी हो म्हटलं, खुशाल जा म्हटलं. तुमच्यापैकी कुणी या वाटेनं जाणार असाल तर आमच्याकडे थांबा. मी कॉफी ठेवीन, थंडीचं बोलेन, तुमच्या पोराबाळांची चौकशी करीन, अगदी शहाण्यासारखी बोलेन. त्यावर जाऊ नका. बाळ कुठंय, विचारा. झोपलंय असं मी म्हणाले, तरी पाळण्यात हात घालून बघा.