उबेची बाजू

“दोन मुलांच्या बापाची जबाबदारी न्यायाधीशापेक्षा मोठी असते,” काटेसाहेब अर्धवट भिंतीच्या चौकटीवर हात ठेवून म्हणाले. “न्यायाधीश निकाल देऊन घरी जातो. बापाला तिथंच जेवायचं असतं.”

सुताराने ओठांत धरलेले खिळे काढून मुठीत घेतले.

“ते बरोबर आहे साहेब. पण उबेची बाजू कोणती?”

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. त्यांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात, दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली होती. काटा मधोमध उभा राहिला पाहिजे, एवढं एकच त्यांनी तिथून घरी आणलं; त्यांचे सहकारी आणखीही बरंच काही आणत. घरी दोन मुलगे. दोघांना स्वेटर एकाच मापाचे यायचे. थोरल्याला ते काखेत काचायचे आणि धाकट्याच्या गुडघ्याला लागायचे. थोरल्याचे टॉन्सिल काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी धाकट्यालाही शेजारच्या खाटेवर झोपवलं. डॉक्टर म्हणाले, “अहो, याचे ठणठणीत आहेत.” काटेसाहेब म्हणाले, “असतील. पण उद्या म्हणायला नको, दादालाच आइस्क्रीम मिळालं.”

आता निवृत्तीनंतर त्यांनी थंड हवेच्या गावात, उतारावरच्या जागेत लाकडी घर बांधायला काढलं होतं. एक छप्पर, दोन बिऱ्हाडं, मध्ये एक भिंत. दोन्हीकडे तेवढ्याच खिडक्या, तेवढेच कोनाडे. थोरला तिथेच नोकरीला होता. तो, सूनबाई आणि स्वतः काटेसाहेब एका अर्ध्यात राहणार हे ठरलेलंच होतं. धाकटा लांबच्या शहरात होता, फोनवर “बघू” म्हणत होता. खरं तर हे सगळं घर त्या “बघू”वर उभं होतं. भिंतीपलीकडून धाकट्याच्या खोकल्याचा आवाज यावा, एवढीच काटेसाहेबांची म्हातारपणाची कल्पना होती.

उबेच्या बाजूचा प्रश्न निघाला तो पडद्यामुळे. थंडी अडवायला लाकडाच्या चौकटीत कापसाच्या गाद्या भरायच्या आणि त्यावर वाफ अडवणारा एक पडदा ताणून बसवायचा, ही पद्धत. पडदे विकणाऱ्या दुकानदाराने ते नीट समजावलं होतं. “चहाच्या कपावर चष्मा धरा. काचेवर काय होतं? तेच भिंतीच्या पोटात होतं. अंघोळ, कुकर, माणसांचे श्वास, सगळी वाफ भिंतीत शिरते आणि पलीकडच्या गारठ्याला भेटली की तिचं पाणी होतं. म्हणून तिला उबेच्या बाजूलाच अडवायची.” मग त्याने एक महागातला पडदा दाखवला. तो हिवाळ्यात वाफ अडवतो आणि उन्हाळ्यात भिंतीतली ओल थोडी थोडी बाहेर सोडतो.

“म्हणजे ऋतू बघून वागणं बदलतो?” काटेसाहेबांनी विचारलं.

“तीच तर खुबी आहे.”

“असली माणसं मी ऑफिसात पुष्कळ पाहिली. तो जाड प्लास्टिकचा द्या. बारा महिने एकच बोलणारा.”

बाहेरच्या भिंतींचं सोपं होतं. आतली बाजू उबेची. अडलं मधल्या भिंतीपाशी.

“दोन्ही बाजू उबेच्याच,” काटेसाहेब म्हणाले.

“मग इथे पडदा नकोच. दोन्हीकडे शेगडी पेटणार असली तर भांडणच मिटलं.” सुताराने धाकट्याच्या अर्ध्यात मान घालून पाहिलं. “पण धाकटे साहेब येणारेत का? तिकडे कुणी राहिलं नाही तर ती बाजू थंड. मग पडदा थोरल्यांच्या बाजूने.”

“म्हणजे थोरल्याला पडदा, आणि धाकट्याला उघडी भिंत?”

“पडदा म्हणजे काय पैठणी आहे का साहेब? दिसणारसुद्धा नाही. वरून फळ्या ठोकायच्यात.”

“दिसत नाही म्हणूनच मापात पाहिजे. दोन्ही बाजूंनी लावा.”

सुताराने खिळे परत तोंडात घातले, पुन्हा काढले. “छप्पर चढायच्या आधी ही भिंत पावसात चांगली भिजलीय. दोन्हीकडून बंद केली तर आतलं पाणी जाणार कुठे? महिनाभर उघडी तरी राहू द्या.”

“धाकटा शनिवारी बघायला येतोय. त्याला काय अर्धवट भिंत दाखवू?”

सुताराने थोरल्याकडे पाहिलं. थोरला दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं आणि त्याला सगळं कळलंही होतं. त्याने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाला, “बाबा म्हणतात तसं करा.”

“मालकच म्हणतात तर वाळेल आतल्या आत,” असं म्हणून सुतार कामाला लागला. त्यालाही शनिवारच्या आत दुसरीकडे जायचं होतं.

काम मात्र सुरेख झालं. सांध्यावर सांधा, त्यावर चिकटपट्टी, विजेच्या बटणांच्या पेट्यांभोवतीसुद्धा पट्टी. दोन्हीकडे काटेसाहेबांनी स्वतः टेप धरून मोजलं. हवेला फट राहिली नाही. यायलाही नाही आणि जायलाही नाही.

धाकटा शनिवारी आला. फळ्या ठोकायच्या बाकी होत्या, त्यामुळे पडदा दिसत होता. काटेसाहेबांनी त्याला आधी दादाची बाजू दाखवली, मग त्याची. “बघ. तसूभर फरक नाही.”

धाकट्याने प्लास्टिकवर टिचकी मारली. “दोन्हीकडून कशाला?”

थोरला खिडकीबाहेर बघत म्हणाला, “तुझ्याकडे कमी पडायला नको म्हणून.”

धाकटा हसायला लागला. “म्हणजे पुन्हा टॉन्सिलच!” सूनबाईही हसली. काटेसाहेबांनाही हसावं लागलं. धाकटा सगळ्या खोल्या फिरून आला, खिडक्या उघडून बघितल्या, चहा प्यायला. बूट घालता घालता म्हणाला, “छान झालंय, बाबा. माझी बाजू भाड्याने द्या.”

“आणि तू?”

“माझं तिकडे घर झालंय. गेल्या वर्षीच. सांगणार होतो.”

काटेसाहेबांनी ती बाजू भाड्याने दिली नाही. पाहुणा बिछाना मागेल म्हणून तिथे एक खाट टाकली. सूनबाई मध्ये एकदा म्हणाली, “बाबा, तिकडे निदान पापड तरी वाळत घालू का?” ते म्हणाले, “त्याची जागा आहे. त्याला विचारू.” पापड तिने अंगणात वाळवले. धाकट्याच्या अर्ध्यातली शेगडी एकदाही पेटली नाही.

दोन हिवाळे गेले आणि घराला वास यायला लागला. आधी सूनबाईने चपला धुतल्या, मग खिडक्यांचे पडदे, मग मोरी. तिसऱ्या हिवाळ्यात फळीला बोट लावलं तर बोट आत जायला लागलं. सुताराला पुन्हा बोलावलं. त्याने दोन फळ्या काढल्या, पडद्याला चीर दिली आणि भिंतीतून पाणी आलं, मोरीचा बोळा काढल्यासारखं. गाद्या काळ्या, चिंब. चौकटीचा खांब त्याने पटाशीने खरवडला तर भिजलेल्या पावासारखा सुटला. पडद्याला मात्र काही झालं नव्हतं. सांधे सगळे जागच्या जागी होते.

“इकडून किती गेलंय?” काटेसाहेबांनी विचारलं.

“दोन्हीकडून सारखंच, साहेब.”

काटेसाहेब खाटेवर बसले. ती खाट पाहुण्यांची होती, तिच्यावर आजवर कुणी बसलं नव्हतं. त्यांनी थोरल्याला विचारलं, “तुला तेव्हाच कळलं होतं?”

“हो.”

“मग तोंड शिवलं होतं का?”

“मी म्हटलं असतं, पडदा माझ्याच बाजूला लावा, तर तुम्ही काय म्हणाला असता?” थोरला काळी गादी पोत्यात भरत होता. त्याने वर पाहिलं नाही. “लहानपणापासून एवढंच ऐकलंय, दादाला सगळं एकट्याला हवं. भिंत कुजली तरी चालेल, म्हटलं, पण ते परत नको.”

“अहो, पुरे,” सूनबाई म्हणाली.

“पुरेच आहे.” त्याने पोत्याचं तोंड बांधलं.

नवी चौकट उभी राहिली. या वेळी लाकूड वाळेपर्यंत थांबले, कारण कुणी बघायला येणार नव्हतं. सुतार जाड प्लास्टिकचा नवा गुंडाळा घेऊन आला. काटेसाहेबांनी सवयीने दोन्ही बाजूंना पुरेल एवढा मागवला होता. त्याने तो जमिनीवर उलगडला, ओठांत खिळे धरले आणि परत काढले.

“विचारायला नको, पण विचारतो. उबेची बाजू कोणती?”

काटेसाहेब भिंतीच्या मधोमध उभे होते. डावीकडे थोरल्याच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. उजवीकडे खाट होती. त्यांनी डावा हात थोडासा उचलला.

“ही,” ते म्हणाले.

पडदा एकाच बाजूला लागला. अर्धा गुंडाळा उरला. तो परत करायला काटेसाहेब स्वतः दुकानात गेले, पण उघडलेला माल दुकानदार परत घेत नाही.