खालच्या फळीवरची कवायत

म्हातारपणाचा अभ्यास करायला जगात म्हातारी माणसं कमी पडली म्हणून की काय, माशीबाईने केळ्यावरची चिलटं निवडली होती. निदान नातेवाइकांचं तरी तसंच मत होतं. ‘हल्ली काय करतेस?’ या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं की समोरचा हमखास म्हणे, ‘म्हणजे माश्याच मारतेस की!’ आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसे. माणसाच्या मेंदूत असतात तशी पुष्कळ जनुकं माशीच्याही मेंदूत असतात, माणसाला म्हातारं व्हायला जन्म लागतो आणि माशी दोन महिन्यांत म्हातारी होते, हे ऐकून घ्यायला कोणाला वेळ आहे? शेवटी सगळे म्हणतात ते ‘माशीबाई’ हे नाव तिने मुकाट्याने पदरात घेतलं.

सध्या तिचा सगळा जीव एका जनुकात अडकला होता. मेंदूतल्या पेशींमध्ये ते मंद केलं की माशी म्हातारपणीही चपळ राहते, असा तिचा अंदाज होता. परीक्षा सोपी. काचेची नळी टेबलावर ठोकली की माश्या तळाशी पडतात आणि लगेच वर चढू लागतात, कारण वर चढणं हा त्यांचा स्वभावच. म्हाताऱ्या मात्र अर्ध्यावरच रेंगाळतात. कितीजणी वरच्या रेघेपर्यंत पोचल्या ते मोजायचं. या खेपेला साध्या म्हाताऱ्या खालीच घुटमळल्या आणि जनुक बदललेल्या म्हाताऱ्या पोरीबाळींसारख्या तुरुतुरु वर गेल्या. माशीबाईने आनंदाने परत परत मोजलं. आधीचे दोन अंदाज साफ फसले होते. हाही फसला असता तर प्रयोगशाळेचे मोठे सर तिचा प्रकल्पच गुंडाळणार होते. आता तेच खुशीत येऊन म्हणत होते, “शुक्रवारी लेख पाठवून टाकू!”

एवढं चांगलं चाललेलं असताना घरचा ताप होताच. आई हल्ली विसरायला लागली होती. दूध गॅसवर ठेवून झोपायची, दार सताड उघडं टाकून भाजीला जायची आणि भाजी न घेताच परत यायची. दादा दूरच्या शहरात राहून फोनवर उपदेश करी, “तिला एकटं ठेवू नकोस हं.” जणू काही माशीबाई मजेखातर एकटं ठेवत होती! शेवटी तिने मोठ्या सरांच्या विनवण्या केल्या आणि आईला रोज सोबत आणायला सुरुवात केली. माश्यांच्या खोलीत, त्यांच्या नळ्या ठेवायच्या उबदार कपाटाशेजारी एक खुर्ची होती. मक्याच्या पिठाचा आणि यीस्टचा आंबूस वास यायचा, पण आईची तक्रार वासाबद्दल नव्हतीच.

“नुसती बसवून ठेवतेस मला,” ती म्हणे. “काहीतरी काम दे.”

“आई, तुझं काम बसणं. कशाला हात लावू नकोस.”

“बसणं हे काय काम झालं?”

आईने उभी हयात शाळेत कवायत शिकवली होती. मुलं तिला कवायतबाई म्हणायची आणि ती लांबून दिसली तरी पाठी ताठ करायची. अशा बाईला खुर्चीत बसवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. माशीबाईच्या नाकी नऊ येत. दर थोड्या वेळाने तेच प्रश्न, तीच उत्तरं, आणि मधूनच ‘पोक काढू नकोस’ हा हुकूम.

बुधवारी मोठ्या सरांबरोबरची बैठक लवकर आटोपली. माशीबाई खोलीचं दार ढकलून आत आली आणि जागच्या जागी थिजली. कपाट उघडं होतं. खालच्या फळीवरचा नळ्यांचा अख्खा ट्रे आईच्या मांडीवर होता आणि आई तो दणकन आपटत होती.

“एक! दोन! चढा! मागच्या रांगेतल्या, झोपलात काय? शाब्बास! आता पुन्हा!”

“आई!”

“ओरडतेस कशाला? बिचाऱ्या नुसत्या बसून असतात. बसून बसून जीव आंबतो, माशीचा काय नि माणसाचा काय.”

“कधीपासून करतेयस हे?”

“रोज. तू गेलीस की घेते कवायत. आता बघ कशा तयार झाल्यात!”

माशीबाईची नजर कपाटात वर गेली. “आणि वरच्या फळीवरच्या?”

“त्या कशा काढू? खांदा वर जातो का माझा? तुला काही म्हणून लक्षात राहत नाही.”

चोराच्या उलट्या बोंबा! पण माशीबाईला त्या ऐकूही आल्या नाहीत. खालच्या फळीवर सगळ्या जनुक बदललेल्या माश्या होत्या आणि वरच्या फळीवर सगळ्या साध्या. शोधायला सोपं जावं म्हणून तिनेच तसं लावलं होतं. दोन्ही जाती प्रत्येक फळीवर मिसळून ठेवाव्यात, हे नव्या मुलांना पहिल्या दिवशी ठणकावून सांगणारी हीच बाई. तिने कपाळावर हात मारला. म्हाताऱ्या माश्या जनुकामुळे चढत होत्या की आईच्या कवायतीमुळे, हे आता कोण सांगणार?

मोठ्या सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर टाकला. “अहो, म्हातारीने चार धक्के दिले म्हणून माश्या तरुण होतात का?”

“होत असतील, सर. नसतीलही. मला माहीत नाही, हाच तर घोळ आहे.”

“कोणी पाहिलं तुमच्या आईंना?”

“मी पाहिलं.”

“तुमच्याशिवाय?”

“मी पाहिलं, सर,” ती पुन्हा म्हणाली. खरं तर गप्प बसावं असं तिला फार वाटत होतं. म्हणूनच ती भराभर बोलली. “लेख थांबवा. सगळं पहिल्यापासून करू.”

“ऐन वेळेला माशी शिंकली म्हणायची,” सर चिडून म्हणाले. “करा. पण ही शेवटची संधी. यात काही निघालं नाही तर हे जनुक विसरायचं आणि प्रकल्पही.”

नव्या माश्या आल्या. या वेळी दोन्ही जाती दोन्ही फळ्यांवर मिसळून ठेवल्या आणि कपाटाला कुलूप लागलं. माशीबाईला आईचा इतका संताप आला होता की तिच्याशी धड बोलवतही नव्हतं. पण आईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यांच्यावर ओरडू नका, घाबरतील. ठीक आहे. निकाल लागू दे, मग एकदाच काय ते बोलते, असं ठरवून तिने राग राखून ठेवला. भांडी घासताना, रस्त्याने चालताना ती मनातल्या मनात ते भांडण घोटत राही. आई कुलूप ओढून बघे आणि विचारी, “हे कोणी लावलं?” माशीबाई दात ओठ खाऊन उत्तर देई, “मीच लावलं.” पुढे पुढे आईने विचारणंही सोडलं. हात मांडीवर ठेवून ती शांत बसू लागली. माशीबाईला वाटलं, चला, एक कटकट तरी मिटली.

माश्या म्हाताऱ्या झाल्या. माशीबाईने नळ्या ठोकल्या आणि मोजलं. पुन्हा ठोकलं, पुन्हा मोजलं. जनुक बदललेल्या आणि साध्या, दोन्ही सारख्याच अर्ध्यावर रेंगाळल्या. जनुकाने काडीचाही फरक पडला नव्हता. मोठ्या सरांना फोन करून ती खुर्चीसमोरच्या स्टुलावर येऊन बसली.

“तोंड का पाडलंयस?” आईने विचारलं.

“माश्या वर चढल्या नाहीत. मागच्या वेळच्या चढल्या होत्या.”

“मग मागच्या कशा चढल्या?”

हीच ती वेळ. माशीबाईचा आवाज चढला. “कशा म्हणजे? कोणीतरी रोज त्यांची कवायत घेत होतं! रोज! मला न विचारता, न सांगता!”

आई विचारात पडली आणि मग तिचा चेहरा खुलला. “बरं केलं की! कोण होती गं ती?”

माशीबाईने तिच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. आई थट्टा करत नव्हती.

“तूच होतीस, आई.”

“मी?” आई हसली. “काहीतरीच बोलतेस! मी कशाला चिलटांच्या नादी लागू? पण जी कोणी असेल ना, तिला सोडू नकोस हं. अशी माणसं मिळत नाहीत.”

एवढे दिवस घोटलेलं भांडण माशीबाईच्या ओठांवर येऊन थांबलं. ज्या बाईशी ते भांडायचं होतं, ती या खुर्चीत नव्हती. रागवायलासुद्धा आई उरली नाही, हे तिला कळलं आणि जनुक हातचं गेलं तेव्हा आलं नव्हतं ते रडू तिला आता आलं.

“नाही सोडणार,” ती म्हणाली.