तळहातावरची पाच मिनिटं

तिने दार ढकललं तेव्हा मामा पांढऱ्या उंदराला तळहातावर घेऊन त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत होते. उंदीर डोळे मिटून निवांत पडला होता.

"मामा, हे काय चाललंय?"

"काही नाही ताई. औषध पाजलं, आता जरा कुरवाळतोय."

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या खोलीत ती सहसा यायची नाही. उंदीर सांभाळणं, त्यांना रोज औषध पाजणं हे तिथले मदतनीस असलेल्या मामांचं काम. महिनाभराने पाण्यात सोडलेला उंदीर किती वेळ हातपाय मारतो आणि केव्हा हताश होऊन नुसता तरंगत राहतो, हे घड्याळ लावून मोजणं तिचं. बाटल्या दोन होत्या, क आणि ख. एकीत चिनी वैद्यकातल्या एका मुळाचा अर्क, दुसरीत रंगवलेलं पाणी. कशात काय आहे हे पाजणाऱ्याला आणि मोजणारीला कळू नये, असा नियम. पहिल्या तुकडीत अर्क प्यायलेल्या उंदरांनी दुप्पट वेळ हातपाय मारले होते. हे मूळ उदासी घालवतं, मेंदूच्या पेशीही जपतं, असा शोधनिबंध सरांनी धाडूनही दिला होता. आता दुसरी तुकडी सुरू होती.

"सगळ्यांनाच कुरवाळता?"

"छे! फक्त क-वाल्यांना. फार कडू आहे हो ते. झाकण उघडलं की वासावरूनच कळतं. एवढासा जीव, त्याला कडू पाजायचं आणि तसंच पिंजऱ्यात टाकायचं? जिवावर येतं. मग पाच मिनिटं हातावर घेतो. ख-वाल्यांचं काय, नुसतं पाणी. पाजलं की आत."

"पहिल्या तुकडीलाही?"

"हो तर! पहिल्या दिवसापासून."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तीन वर्षांच्या कामावर पाणी फिरवलंत मामा तुम्ही! कुणी सांगितलं होतं तुम्हाला लाड करायला?"

मामांचा अंगठा थांबला. त्यांनी उंदीर पिंजऱ्यात ठेवला आणि कडी लावली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"कुरवाळल्याने काय होतंय? निबंध गेलाय. उगाच खाजवून खरूज काढू नकोस."

"सर, उंदीर औषधाने सुधारले की मामांच्या हाताने, हे आपल्याला माहीतच नाही."

"मग नसू दे माहीत."

तिने बाहेर पडताना दार असं आपटलं की काच खळखळली. मामांचा राग आला होता, सरांचा त्याहून जास्त, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. हात थरथरायला लागले म्हणून वडिलांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं, तेव्हापासून ते खुर्चीत नुसते बसून असायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी गुंगी येते म्हणायचे. सहा महिन्यांपूर्वी तिने बाजारातून तेच मूळ आणलं, काढा केला आणि गोळ्या स्वतःच्या हाताने बंद केल्या. आकडे तिचेच होते, शंका कशाला घ्यायची? दादाच्या हातून वडील ते कडू तोंडात घेत नसत, म्हणून रोज संध्याकाळी साडेसहाला ती जायची. दोन चमचे पाजायची आणि तोंडाचा कडूपणा जाईपर्यंत चहा घेत समोर बसायची. त्याआधी ती महिन्यातून एकदा जायची, तीही फोनमध्ये डोकं घालून.

वडील सुधारले होते. रोज दाढी करत होते, पेपर वाचत होते.

संध्याकाळी ती आधी डॉक्टरांकडे गेली, त्यांची बोलणी खाल्ली आणि गोळ्या घेऊन वडिलांच्या घरी पोचली. दादाने दार उघडलं. वडील टेबलाशी बसले होते. समोर झाकलेला कप होता, शेजारी चमचा.

"काढा बंद, बाबा. त्याचं काही खरं नाही. माझं चुकलं. उद्यापासून परत या गोळ्या. त्या कडू नाहीत, दादा देईल."

"म्हणजे सहा महिने तू यांच्यावर प्रयोग केलास?" दादा भडकला.

"हो, केला."

वडील तिच्याकडेच बघत होते.

"म्हणजे तू येणार नाहीस?"

"तसं नाही बाबा. येईन की अधूनमधून."

वडिलांचा थरथरता हात टेबलावर असा आपटला की चमचा उडून खाली पडला.

"अधूनमधून! सात वाजून दहा मिनिटं झालीत. चाळीस मिनिटं झाली हा चहा झाकून ठेवलाय. गोळ्या घेईन मी, त्यात काय मोठं? पण आमच्याकडे यायला तुला औषधाचं निमित्त लागतं का?"

त्यांचा आवाज चढला होता, मान लाल झाली होती. दादा बघतच राहिला. दुकान बंद झाल्यापासून या माणसाने कुणावर आवाज चढवला नव्हता.

ती चमचा उचलायला वाकली. सवयीने तिची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. वडील अजून बोलतच होते, थांबायचं नाव घेत नव्हते. तिने घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

"चहा गार झाला असेल," ती म्हणाली.

"मग गरम कर!" वडील ओरडले.