हरणांच्या कळपाची पदवी

देवणीच्या किशनरावांना लेक डॉक्टर व्हायला हवी होती, आणि त्या हट्टापायी त्यांनी सगळं घर वेठीला धरलं होतं. कारणही तसंच होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची धाकटी बहीण सिंधु सासरी, किल्लारीकडच्या एका खेड्यात, ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, पण डॉक्टर पोचेपर्यंत, धावत गेलेल्या किशनरावांच्या मांडीवरच गेली. तेव्हापासून घरात एक तरी डॉक्टर झालाच पाहिजे हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

ऋतुजाने लातूरला क्लास लावून दोनदा डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दिली, दोन्हीदा नंबर हुकला. तिसऱ्यांदा रिपीटरच्या बॅचला बसायचं सोडून पोरगी भलतंच खूळ घेऊन घरी आली. नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, हिवाळ्यात जिथे सूर्य तोंडच दाखवत नाही तिथे, म्हणे एक इवलंसं विद्यापीठ आहे. तिथे बर्फातल्या हरणांचे कळप पाळायला रीतसर शिकवतात, वर पदवी देतात. शिष्यवृत्तीही होती, फक्त मुलाखत उरली होती. शेणातून सुटावी म्हणून जिला शहरात धाडली, ती शेण काढायला परदेशी निघाली होती! किशनराव दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, की तिथे जमलं नाही तर मुकाट्याने लातूरची बॅच धरायची. ऋतुजाने शब्द दिला.

मोबाइलला रेंज फक्त गोठ्यात. भरदुपारी गव्हाणीला फोन टेकवून ती बसली, आणि किशनराव कडब्याच्या निमित्ताने मागे घुटमळत राहिले. फोनमधली पांढऱ्या केसांची बाई इंग्रजीत विचारायची, पोरगी धडाधड सांगायची. पाठांतरात लातूरच्या पोरांचा हात कोण धरणार? मग एका प्रश्नाला ती अडली, काहीतरी पुटपुटली, आणि बाई खो खो हसली.

काय झालं, असं किशनरावांनी हळूच विचारलं.

"जनावर आजारी पडणार हे आधी कसं कळतं म्हणत्यात," ऋतुजा रडकुंडीला आली होती. "मी म्हणलं, चार ऑप्शन सांगा."

किशनरावांना खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण पोरीचा पडलेला चेहरा त्यांना बघवेना.

ऋतुजा उठली आणि फोन घेऊन गाईजवळ गेली. कानाच्या मुळाशी तळवा ठेवला, नाकावरचा ओलावा बोटाने पुसून दाखवला, डाव्या कुशीला मूठ लावून पोटाची हालचाल मोजली. इंग्रजी अडखळत होतं, हात अडखळत नव्हते. किशनरावांना त्यातलं सगळं कळलं. हे त्यांनी तिला कधी शिकवलं नव्हतं. त्यांच्या मागेमागे फिरून तिने बघून उचललं होतं. आणि इतकी वर्षं त्यांनी मात्र फक्त तिची मार्कांची पत्रकं पाहिली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

फोन बंद झाला. निकाल आठवड्याने कळणार होता. न्हाई झालं तर लातूरला जाते, ऋतुजा खाली मान घालून म्हणाली.

"न्हाई जायचं," किशनराव म्हणाले. "सिंधु माझी बहीण हुती. तिचं दुःख माझं हाय. ते तुझ्या डोक्यावर लादलं, चुकलं माझं."

ऋतुजाने मान वर केली.

"अन् अण्णा, तिथं न्हाई घेतलं तर?"

"तर दुसरीकडं अर्ज कर. जनावरं काय एकाच मुलखात असत्यात?"